मूल कोणाचे?

पतिपत्नी विभक्त होतात तेव्हा घर वाटता येते, भांडीकुंडी वाटता येतात. मूल मात्र वाटता येत नाही. या पेचाची एक जुनी कथा महाउम्मग्ग जातकात आहे. एका मुलावर दोघींनी हक्क सांगितला. महोसधाने जमिनीवर रेघ ओढली व मुलाला दोन्ही बाजूंनी ओढावयास सांगितले. मूल रडू लागताच जिने हात सोडला, तीच आई ठरली. कथेत हा न्याय शोभला. परंतु आजच्या खटल्यात दोघेही खरेच आईबाप असतात, आणि ती ओढाताण कित्येक वर्षे चालते.

आपल्याकडील 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाच्या कल्याणाचा उल्लेख केला खरा. तथापि बाप अपात्र ठरल्यावाचून त्याचा अधिकार सहसा ढळत नसे. पुढे 1941 साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालपत्रात मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांनी म्हटले की, आई योग्य असेल तर कोवळ्या वयाच्या मुलास तिची जागा भरून काढणारे दुसरे कोणीही नाही. 1956 च्या कायद्याने हिंदू कुटुंबांपुरते मुलाचे कल्याण सर्वोपरी ठरविले. ‘मूल कोणाचे?’ हा प्रश्न मागे पडला व ‘मुलाचे हित कशात?’ हा पुढे आला.

परंतु हित ओळखावे कसे? मुंबईत नागपाडा येथे 1937 साली टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र उघडले, आणि मुलाच्या मनाचा शास्त्रीय अभ्यास येथे सुरू झाला. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने अशा जाणत्यांचे साहाय्य घेण्याची मुभा न्यायाधीशांस दिली. 1989 साली पुणे व मुंबई येथे ही न्यायालये स्थापन झाली.

येथेच मानसशास्त्रज्ञाच्या धर्माचा प्रश्न उभा राहतो. शुल्क कोणीही देवो, त्याची निष्ठा मुलाशीच असली पाहिजे. ज्याने एका पक्षावर उपचार केले, त्याने त्याच कुटुंबाचा परीक्षक होऊ नये. उपचारकाचे ममत्व व परीक्षकाचा समतोल एका आसनावर बसत नाहीत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 1994 साली आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले आहे. ज्या व्यक्तीस स्वतः तपासले नाही तिच्या मनोवस्थेविषयी मत देऊ नये, आणि एकाच कसोटीवर निष्कर्ष बांधू नये, असेही त्यांत आहे.

आणखी एक सावधगिरी हवी. भिवंडीजवळच्या पूर्णेसारख्या गोदामांच्या गावातील एका खोलीचे बिऱ्हाड व मुंबईतील प्रशस्त सदनिका यांची तुलना करताना दारिद्र्यास अपात्रता समजण्याचा मोह होतो. खोली लहान असेल. पण मुलाला ताप आला असता उशाशी कोण बसते, हे पाहावयाचे असते.

सर्वांत नाजूक कर्तव्य मुलाविषयीचे आहे. न्यायालयाच्या समुपदेशकाजवळ विश्वासाने सांगितलेले गुप्त राहावे अशी अपेक्षा असते. परीक्षकाचा अहवाल मात्र न्यायाधीशांपुढे जातो. म्हणून ‘तू सांगशील ते मी लिहिणार आहे’ हे त्या बालकास त्याला कळेल अशा भाषेत आधीच सांगावे, आणि ‘तुला आई हवी की बाबा?’ असे विचारून निवाड्याचे ओझे त्याच्या माथी मारू नये.

सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली बजावले की, मुले ही आईबापांची मालमत्ताही नव्हेत व खेळणीही नव्हेत. ती तज्ज्ञांच्या विद्वत्तेचे साधनही नव्हेत, एवढीच भर त्यात घालावीशी वाटते. निकाल न्यायाधीशांनी द्यावयाचा आहे. तज्ज्ञाने आपल्याला किती कळले व किती कळले नाही, हे दोन्ही प्रामाणिकपणे सांगावे. कारण त्याच्या एका बेसावध वाक्याची किंमत मुलास सारे बालपण भरावी लागते.