आपला माणूस कोणाचा माणूस?

दोस्तांनो, ब्लॅक पँथर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? काळी टोपी, चामड्याचं जाकीट, खांद्यावर बंदूक. 1966 साली ओकलंडला उभ्या राहिलेल्या त्या संघटनेचं नाव आपण 1972 साली मुंबईत घेतलं. नावाबरोबर फोटो आले. दवाखाना आला नाही. त्या पँथरांनी शहराशहरांत फुकट दवाखाने चालवले, 1971 पासून काळ्या वस्त्यांत सिकलसेलची रक्ततपासणी केली. (सिकलसेल काय चीज आहे ते विदर्भातल्या आपल्या पोरांना सांगायला नको.) त्यात राबणारी बरीचशी वस्तीतलीच पोरं-पोरी होती, शिकवून तयार केलेली. या गोष्टीवर आपल्याकडं कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून मी लिहितोय.

तेच 1972 साल. जुलै महिना. अमेरिकेच्या पेपरांत बातमी फुटली की अलाबामा राज्यात, टस्कीगीच्या आसपास, सरकारी आरोग्य खातं 1932 पासून सहाशे काळ्या माणसांवर एक 'अभ्यास' चालवतंय. 399 जणांना गरमी होती, 201 जणांना नव्हती. अभ्यास कसला? तर उपचार न करता सोडलं की गरमी माणसाला कशी खाते, हे बघायचा. रोग त्यांनी टोचला नव्हता, तो आधीच होता. पण या कष्टकरी शेतमजुरांना आजाराचं नावसुद्धा सांगितलं नाही. 'रक्त बिघडलंय' एवढंच सांगितलं. पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढलं आणि त्याला खास फुकट उपचार म्हटलं. 1947 पर्यंत पेनिसिलिन हे गरमीचं नेहमीचं औषध झालं होतं. ते यांना मिळू नये याची व्यवस्था केली. चाळीस वर्षं!

आता नीट ऐका. या माणसांना गोळा कोण करत होतं? गोरा डॉक्टर येऊन जाऊन असायचा. वर्षानुवर्षं तिथं टिकून होती ती युनिस रिव्हर्स नावाची नर्स. काळी. टस्कीगीतच शिकलेली. ती आपल्या गाडीतनं माणसांना तपासणीला न्यायची, त्यांच्या बायकापोरांची विचारपूस करायची, मेल्यावर घरच्यांना समजावून प्रेत चिरायची परवानगी मिळवायची. त्या बदल्यात दफनाचा खर्च मिळायचा. लोक तिला जीव लावत होते. 1958 साली सरकारनं तिला पुरस्कारही दिला. मी तिला राक्षसीण म्हणणार नाही. त्या काळातल्या काळ्या बाईला वरच्या गोऱ्या साहेबाला नाही म्हणणं किती जमलं असतं, ते आपण इथं बसून ठरवू नये. पण एक गोष्ट तिच्यामुळं मला कळली. 'आपल्यातलाच माणूस पाठवा, लोक ऐकतील' हे हत्यार सरकारला आपल्या आधी ठाऊक होतं.

आणि मग एड्स आला.

5 जून 1981 ला अमेरिकन सरकारच्या आरोग्य साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची पहिली नोंद छापली गेली. पाचही गोरे. तेव्हापासून हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा रोग, अशी समजूत पक्की झाली. काळ्या वस्तीतले लोक म्हणाले, आपला काय संबंध? ऑक्टोबर 1986 मध्ये त्याच साप्ताहिकानं हिशेब दिला. काळे लोक देशात 12 टक्के, एड्सच्या रुग्णांत 25 टक्के. पाच वर्षं गेली होती. आणि आता सरकारनं येऊन सांगावं, रक्त तपासा? रक्ताचं नाव काढलं की टस्कीगी आठवणारच की!

तेव्हा कामाला लागले ते वस्तीतलेच लोक. फिलाडेल्फियात रशिदा हसन नावाची नर्स एड्सच्या संस्थेत काम करत होती. काळ्यांपर्यंत ते काम पोचत नाही हे बघून ती बाहेर पडली आणि 1985 साली तिनं बेबाशी काढली. नावाचा अर्थच असा की काळ्यांनी काळ्यांना लैंगिक आरोग्य शिकवायचं. सॅन फ्रान्सिस्कोत रेजी विल्यम्स उभा राहिला, स्वतःच्या अंगात विषाणू घेऊन. काळ्या समलिंगी पोरांसाठी त्यानं देशभराचं काम बांधलं. 1999 मध्ये तो गेला.

पण माझं मन अडकलंय ते साऊथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावातल्या एका केसांच्या दुकानात. दुकान डायाना डायाना या बाईचं. 1986 च्या सुमारास तिनं एड्सबद्दल वाचलं आणि दुकानात कंडोम ठेवले. कुणी हात लावीना. मग तिनं ते रंगीत कागदात, भेटवस्तूसारखे गुंडाळले. बायका उचलायला लागल्या. केस धुताना, ड्रायरखाली बसल्यावर गोष्टी निघायच्या. नवऱ्याच्या, पोरीच्या, चर्चच्या. बाईचं डोकं तासभर दुसरीच्या हातात असतं तेव्हा ती जे बोलते, ते डॉक्टरच्या टेबलापुढं बोलत नाही. बॅम्बी सम्प्टर या शिकलेल्या काळ्या बाईनं तिला साथ दिली आणि दोघींनी मिळून राज्याचं एड्स-शिक्षणाचं जाळं उभं केलं. पैसा कुठला? गिऱ्हाइकांनी दिलेल्या टिप्सचा. त्यावर 1989 मध्ये एलन स्पायरो यांनी व्हिडिओफिल्म केली, ती बघा मिळाली तर.

टिप्सच्या पैशाची ही बाब मला सगळ्यात मोठी वाटते. कारण 1987 साली अमेरिकन सिनेटनं 94 विरुद्ध 2 मतांनी ठराव केला की समलिंगी वागणुकीला उत्तेजन मिळेल अशा एड्स-शिक्षणाला केंद्राचा पैसा द्यायचा नाही. म्हणजे पैसा घ्या आणि तोंड शिवा. डायानाबाईचं तोंड गिऱ्हाइकांच्या पैशावर चालत होतं, ते कोण शिवणार? रिव्हर्सबाई आणि डायानाबाई, दोघी काळ्या, दोघी लोकांच्या लाडक्या. एकीचा हिशेब वॉशिंग्टनला जात होता, दुसरीचा खुर्चीत बसलेल्या बाईला. आपला माणूस म्हणजे जातीनं आपला, एवढ्यावर आपण नेहमी खूश होतो. राखीव जागेवर निवडून गेलेले आपले काही पुढारी आठवा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

विद्यापीठवाल्यांना हे पटायला वेळ लागला. 1995 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेव्ह्यू-हंटर्स पॉइंट या काळ्या वस्तीतला एक अभ्यास छापून आला. 128 तरुण काळ्या बायका. त्यातल्या काहींच्या काळ्या बायकांनीच पाच बैठका घेतल्या. नुसती रोगाची माहिती नाही, तर नवऱ्याला-मित्राला 'कंडोम लाव' कसं म्हणायचं, आपण काळ्या बाया म्हणून मान ताठ कशी ठेवायची, हे बोलायचं. त्या बायकांत कंडोमचा वापर वाढला. मग तोच नमुना सरकारनं पुस्तिका छापून देशभर वाटला. 'पीअर एज्युकेटर' हा हुद्दा झाला. हुद्दा झाला, पगार मात्र बहुतेक ठिकाणी मानधनच राहिला. ते आपल्याला नवीन नाही, आशाताईंना विचारा.

एवढं करूनही 2021 मध्ये अमेरिकेत एचआयव्हीच्या नव्या नोंदींपैकी 40 टक्के काळ्यांच्या होत्या. म्हणून पीअर निकामी ठरले काय? तसं म्हणणारा माणूस लबाड. 1996 पासून जगवणारी औषधं आली, 2012 पासून लागण टाळायची गोळी आली. पण गोळीला डॉक्टर लागतो, डॉक्टरला विमा लागतो. गरिबांचा सरकारी विमा 2014 पासून वाढवायची मुभा राज्यांना मिळाली, तेव्हा नाही म्हणणाऱ्यांत अलाबामा होतं आणि साऊथ कॅरोलायनाही होतं. पीअर दारापर्यंत नेईल. दार आतून बंद असेल तर तिनं काय करायचं?

आपल्याकडं सांगलीत 1992 पासून धंदा करणाऱ्या बायकांनीच बायकांना कंडोम वाटले, शिकवलं आणि 1996 मध्ये स्वतःची संघटना बांधली. त्यांत देवदासी म्हणून सोडलेल्या आपल्या आयाबहिणी किती होत्या, हे आपल्या मोर्च्यांत कधी बोललं गेलं नाही. त्यावर पुढच्या अंकात लिहितो. कुणाकडं त्या काळची पत्रकं, फोटो असतील तर पाठवा.