बायकोच्या साक्षीची किंमत

अगाथा ख्रिस्ती म्हटलं की आपल्याला पॉयरो आठवतो, नाटकांत फार तर 'माऊसट्रॅप'. मला मात्र 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' त्याहून सरस वाटतं. मूळ कथा १९२५ची, नाटक लंडनला आलं ऑक्टोबर १९५३ मध्ये. (पुढे रहस्य फोडणार आहे. नाटक किंवा बिली वाइल्डरचा १९५७चा सिनेमा पाहायचा असेल तर इथेच थांबा!)

लेनर्ड व्होलवर एका श्रीमंत बाईच्या खुनाचा आरोप आहे. त्या वेळी तो घरी होता असं सांगू शकणारी एकटी त्याची बायको, रोमेन. पण नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बायकोचं, त्यातून परदेशी बाईचं, ज्युरी कशाला ऐकतेय? म्हणून ती सरकार पक्षाकडून उभी राहते, नवऱ्याविरुद्ध बोलते आणि आपल्याच खोटेपणाचा पुरावा बचावाच्या वकिलाच्या हाती पडेल अशी तजवीज करते. ज्युरी तिला खोटारडी ठरवते, लेनर्ड सुटतो. आणि खून त्यानेच केलेला असतो.

यात कायद्याची एक मेख आहे. इंग्लंडमध्ये १८९८ पर्यंत फौजदारी खटल्यात आरोपीला आणि त्याच्या बायकोला सर्वसाधारणपणे साक्षच देता येत नसे. त्या साली दोघांना बचावासाठी बोलायची मुभा मिळाली, पण नवऱ्याविरुद्ध बोलायला बायकोला मोजके अपवाद सोडता बंदीच राहिली. म्हणून बाईंनी रोमेनचा आधीचा नवरा हयात ठेवलाय! लेनर्डशी लग्नच बेकायदा, मग ती बोलायला मोकळी.

पण पहिल्या प्रयोगांच्या प्रेक्षकांना हे सगळं नुसतं चातुर्य वाटलं असेल का? नाटकातलं कोर्ट ओल्ड बेलीचं. तिथेच जानेवारी १९५० मध्ये टिमथी इव्हान्सवर स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाचा खटला चालला. त्याचे जबाब बदलत गेले होते, पण कोर्टात तो सांगत होता की खुनी खालच्या मजल्यावरचा शेजारी आहे. तो शेजारी, जॉन ख्रिस्ती (आडनावाचं साम्य हा योगायोग), सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. युद्धकाळात पोलिसात काम केलेला, हळू आवाजात बोलणारा. ज्युरीला तो पटला. मार्चमध्ये इव्हान्स फासावर गेला.

मार्च १९५३ मध्ये त्याच घरात आणखी प्रेतं सापडली. जुलैत ख्रिस्तीला फाशी झाली, आणि तीनच महिन्यांनी हे नाटक रंगमंचावर आलं. इव्हान्सला माफी मिळाली ती १९६६ साली, मरणोत्तर.