नीरा खोरे : बागायती जमिनींची भूशास्त्रीय व पर्यावरणीय पाहणी

नीरा नदी सह्याद्रीत भोरच्या परिसरात उगम पावते, पुणे, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांना स्पर्शत पूर्वेकडे वाहते आणि नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. तिचा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. भाटघरचे मोठे धरण (तेव्हाचे लॉईड धरण) 1928 मध्ये पुरे झाले आणि उजव्या तीरावरही कालव्याचे पाणी पोहोचले. पाण्यामागून ऊस आला, गुऱ्हाळे आली, पुढे साखर कारखाने आले. बारामती-फलटणच्या अवर्षणग्रस्त पट्ट्याचे रूप या पाण्याने पालटले, आणि याच पाण्याने काही शिवारे चिबड व खारवट केली. कालव्याखालच्या जमिनींची शास्त्रीय पाहणी महाराष्ट्रात ज्या थोड्या भागांत फार लवकर सुरू झाली, त्यांत नीरा खोऱ्याचे स्थान वरचे आहे.

भूरचना : तळाशी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दक्खनचा बेसाल्ट, त्यावर कुजलेला खडक व मुरूम आणि सर्वांत वर काळी माती, अशी येथील सर्वसाधारण मांडणी आहे. मातीची जाडी माळावर वीतभर, तर ओढ्याकाठी नि नदीकाठी कित्येक हात असते. या मातीतील चिकणखनिजे पाण्याने फुगतात व सुकल्यावर आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकदा ओली होऊन फुगली की ही माती पाणी फार सावकाश सोडते. खालचा मुरूम मात्र ते सहज वाहून नेतो. त्यामुळे वरच्या अंगाच्या शेतात दिलेले जादा पाणी मुरमात उतरते, उताराने सरकते आणि सखल भागात काळ्या मातीच्या थराला खालून दाबते. ऊस एकाच्या शेतात भिजतो, मीठ दुसऱ्याच्या शेतात फुटते. या पट्ट्यात वर्षाला साधारण 500 मिमी. पाऊस पडतो, साठलेले क्षार धुऊन न्यायला तो पुरत नाही.

इतिहास : पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरील पुस्तिका 1910 मध्ये प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन तेव्हा पंचवीसच वर्षे झाली होती. मुंबई सरकारने 1916 मध्ये स्वतंत्र सिंचन विभाग उघडला, तोही पाणी आणि शेती यांचा मेळ घालण्यासाठीच. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचे मूळ या विभागात आहे. तेथील सी. सी. इंग्लिस आणि व्ही. के. गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याचा प्रश्न सविस्तर हाताळला. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून जे. के. बसू व एस. एस. सिरूर यांनी 1938 मध्ये नीरा उजवा व प्रवरा कालव्यांखालच्या मातीचे वर्गीकरण मांडले. वरची ढेकळे चाळण्यापेक्षा मातीचा उभा छेद वाचावा, ही त्यातली दृष्टी आजही प्रमाण मानावी अशी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात माती परीक्षण व भूजल मोजणी नियमित झाली.

पाहणीची रीत : माणूस उतरेल एवढा खड्डा खणून एक भिंत साफ करतात. वर गडद काळा थर, मध्ये ओल्या हाताने चोळल्यासारखे गुळगुळीत चकाकते पापुद्रे, खाली चुनखडीचे पांढरे खडे आणि शेवटी मुरूम दिसतो. खड्यांवर सौम्य आम्ल टाकले की फेस येतो. मुरमातून पाणी पाझरू लागले तर ते कुठवर चढते, याची नोंद घेतात. प्रयोगशाळेत विद्युतवाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त, सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपण ठरते. भूजल 2 मीटरच्या आत आले की जमीन पाणथळ मानतात. एका हंगामाच्या मोजणीवर निष्कर्ष काढू नये. पावसाळ्याआधीची व नंतरची पातळी काही वर्षे सलग हवी.

कारणे : जमीन चिबड व खारवट होण्यामागे कालव्याची गळती की पाटाने दिलेले बेसुमार पाणी, यावर मतभेद आहेत. दोन्हींचा वाटा असतो. प्रमाण गावागणिक बदलते.

जीवसृष्टी : चिबड भागात पाणकणीस माजते.

उपाय : चोपण जमिनीत जिप्सम घालतात, ताग किंवा धैंचा गाडतात. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला जिप्समचा उपयोग नाही. तिथे गोड्या पाण्याने क्षार खाली धुऊन ते पाणी बाहेर काढावे लागते. फुले 265 ही उसाची जात खारवटपणा बऱ्यापैकी सोसते, पण जमीन सुधारत नाही. ठिबकने नवे पाणी कमी मुरते; आधीचे क्षार मात्र जागेवर राहतात. खरा इलाज निचऱ्याचा. चर किंवा सच्छिद्र नळ्या केवळ काळ्या मातीत ठेवल्या तर पाणी हळू येते. मुरमापर्यंत पोहोचल्या तर दाब उतरतो. निचऱ्याचे खारे पाणी शेवटी नदीतच जाते, म्हणून खालच्या गावांच्या पाण्याची तपासणी पाहणीतून वगळता येत नाही. एकट्याने काढलेला चर शेजाऱ्याच्या बांधाशी अडतो. तेव्हा गावाने आधी ओढ्यापर्यंतचा मुख्य चर मोकळा करावा आणि मगच शेतात नळ्या टाकाव्यात.