घनमुळाचे इनाम

घनमूळ म्हटले की पुष्कळांच्या तोंडाला कोरड पडते. वर्गमूळ कसेबसे निभावते. घनमुळाशी गाठ पडली की गडी गारद! आता तर खिशातले यंत्र बोट लावताच उत्तर देते. मग हाताने काढण्याची यातायात कशाला, असे आमच्या घरची मुले विचारतात. सवाल रास्त आहे. पण आठशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात या यातायातीसाठी लोकांनी पदरमोड केली, हेही त्यांना ठाऊक असावे.

रीत त्याहून पुष्कळ जुनी. आर्यभटाने ती ४९९ च्या सुमारास एका श्लोकात बसवली. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त सांगितली. त्यांचेच उदाहरण घेऊ: १९६८३. त्या काळी हिशेब धूळ पसरलेल्या पाटीवर करीत. मांडायचे, पुसायचे, पुन्हा मांडायचे. आम्हा केळवेकरांना ती पाटी समुद्रानेच दिली आहे! ओहोटीनंतरची ओली वाळू आणि सुरूच्या बनातली एक काटकी, एवढे पुरे.

एकंस्थानच्या ३ वर खूण करा. मग डावीकडे दोन अंक सोडून ९ वर. म्हणजे आरंभीचा गट १९ चा. त्यात मावणारा मोठ्यात मोठा घन ८, म्हणून उत्तराचा पहिला अंक २, बाकी ११. पुढचा ६ उतरवा, झाले ११६. याला २ च्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे १२ ने भागायचे. भाग ९ वेळा जातो खरा, पण इथेच भल्याभल्यांची फसगत होते! पुढच्या वजाबाकीला पुरेल इतके हाती राहिले पाहिजे. ९ नाही, ८ ही नाही. ७ च घ्यावा लागतो. ८४ गेले, ३२ उरले. ८ उतरवा: ३२८. त्यातून ७ च्या वर्गाला २ ने आणि पुन्हा ३ ने गुणून येणारे २९४ वजा करा, उरले ३४. शेवटचा ३ उतरवा: ३४३. हा तर ७ चा घनच! बाकी शून्य, घनमूळ २७. यंत्र फक्त २७ दाखवते; ते ९ आणि ८ का नाकारले, हे काही सांगत नाही.

ही विद्या आपोआप टिकली नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (चांगदेव योगी ते वेगळे) हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. १२०७ च्या सुमाराचा हा शिलालेख गेल्याच्या मागच्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. वंशाची थोरवी संस्कृतात आहे. देण्याघेण्याचा तपशील मात्र मराठीत! ज्यांनी द्यायचे त्यांना समजायला नको का? पाटणच्या बाजारातल्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला, आणि घाण्यामागे ठरलेले तेलही मठाला.

दिवाळीत पणत्यांत तेल घालताना मला पाटणचा तो तेली आठवतो. त्याला स्वतःला घनमूळ येत होते की नाही, देव जाणे!