मायेचें कापड



वर्धा शहराला लागूनच सावंगी (मेघे) हें गांव आहे. आज तें वैद्यकीय महाविद्यालयामुळें ओळखलें जातें. परंतु भोंवतालचा सारा मुलूख कापसाचा, आणि विसाव्या शतकांत खादीचा. अंगावरचा कपडा घरींच मापांत बसवून घेण्याच्या विद्येचा इतिहास येथें उभें राहून पाहिला तर गैर होणार नाहीं.

आपल्या जुन्या पोशाखांत माप होतें, पण तें एकदांच ठरून गेलेलें नसे. बाराबंदीचेंच पाहा. ती बंदांनीं बांधावयाची. अंग भरलें कीं बंद सैल, रोडावलें कीं आवळ. अंगरख्याच्या काखेंत चौबगळा नांवाचा चौकोनी तुकडा बसवीत. हातमागाच्या कापडाचा पन्हा अरुंद, म्हणून सरळ पट्टे कापावयाचे आणि जेथें ताण पडतो तेथें हा तुकडा तिरपा घालावयाचा. हात वर नेला तरी शिवण उसवत नसे, आणि कापडही वायां जात नसे. चोळीची रचना तर याहून चतुर. ती अंगाबरोबर शिवलेली, तरी पुढली गांठ बांधणारणीच्या हातीं. बाळंतपणानंतर नवा खण फाडण्याची घाई पडत नसे. ही योजना ज्या कोणा बाईच्या डोक्यांतून निघाली, तिचें नांव इतिहासानें टिपलें नाहीं. सरदारांच्या पगड्यांचीं वर्णनें मात्र पानेंच्या पानें सांपडतात!

अमेरिकेंत एलियास हाउ यानें १८४६ सालीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, सिंगरनें १८५१ सालीं. हें यंत्र आपल्याकडे आलें, आणि पोलकें व सदरा घरोघर रुळले. बंद गेले, गुंड्या आल्या. बंद हवा तेथें आवळतां येतो. गुंडीला जागा एकच. तेव्हां कपडा सैल करण्याची सोय शिवणीच्या आंत दडवावी लागली. शिवणीपलीकडे राखलेल्या या जादा कापडाला मराठींत ‘माया’ म्हणतात. वाढत्या मुलाच्या सदऱ्यांत आई दोन बोटें माया ठेवी आणि वर्षानें टीप उसवून ती सोडी. १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनानें शिवण हा स्त्रियांच्या शिक्षणाचा विषय केला.

वर्ध्यास या विद्येची खरी कसोटी लागली. १९२५ सालीं चरखा संघ स्थापन झाला, १९३६ सालीं गांधीजी सेवाग्रामास राहावयास आले, १९३८ सालीं मगन संग्रहालय उघडलें. खादी हातकताईची, कोरें कापड पहिल्या धुण्यांत आक्रसतें. बेतण्यापूर्वीं तें रात्रभर भिजत घालणें, किंवा माया जास्त ठेवणें, एवढे दोनच उपाय. पुढें महायुद्धांत कापडाची टंचाई पडली, १९४३ सालीं सरकारी नियंत्रण आलें, आणि मग शहरांतील सुखवस्तु घरेंही जुनें धोतर फाडून परकर बेतूं लागलीं.

आजच्या तयार कपड्यांत शिवणीच्या कडेलाच कापड छाटून टाकतात. माया बोटभरही उरत नाहीं. असा कपडा आंत घेतां येतो, सोडतां येत नाहीं. मग काखेंत निराळा तुकडा जोडावा लागतो. तो तिरपा बसवला तर उत्तम. सरळ बसवला तर टांके सुटूं शकतात.