मराठी लग्नपत्रिका : मजकूर, मांडणी आणि मानाचा इतिहास

प्रस्तावना :

विवाहसंस्थेचा अभ्यास महाराष्ट्रात नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या ग्रंथापासून विवाहविषयक कायद्यांच्या चिकित्सेपर्यंत या विषयावर विपुल लेखन झाले आहे. मात्र विवाहाची जाहीर वार्ता देणारा जो कागद घराघरांत येतो, त्या लग्नपत्रिकेकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. कार्य उरकले की पत्रिकेचे मोल संपते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक पत्रिकेत कोणाचे नाव कोठे व कोणत्या उपाधीसह छापावे, याचा निर्णय कुटुंब विचारपूर्वक, पुष्कळदा वादविवाद करून घेते. म्हणूनच पत्रिका हा त्या काळातील कौटुंबिक व सामाजिक श्रेणीरचनेचा लेखी पुरावा ठरतो. आज पत्रिकेचे रूप झपाट्याने बदलत आहे आणि ती कागदावरून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सरकत आहे. अशा वेळी तिच्या मांडणीचा इतिहास तपासणे आवश्यक झाले आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : १) मराठी लग्नपत्रिकेच्या मजकुराची व मांडणीची स्थित्यंतरे पाहणे, २) या स्थित्यंतरांचा मुद्रणतंत्र, टपालव्यवस्था, कायदा व समाजसुधारणा यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे, आणि ३) सध्याच्या सजावटीच्या प्रवाहांचे इतिहासाच्या दृष्टीने मूल्यमापन करणे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मुद्रणपूर्व निमंत्रण :

छापील पत्रिका येण्यापूर्वीही निमंत्रणाची सुस्थिर परंपरा होती. कुंकू लावलेल्या तांदळाच्या अक्षता देऊन बोलावणे करण्याची रीत आजही टिकून आहे. पहिली अक्षत गणपतीस व कुलदैवतास, त्यानंतर आप्तेष्टांस, असा तिचा क्रम असतो. दूरच्या नातलगांना व सरदार-मानकऱ्यांना कुंकुमपत्रिका पाठवल्या जात. १७८३ मध्ये पुण्यात झालेल्या सवाई माधवरावांच्या विवाहाच्या बंदोबस्ताची याद प्रसिद्ध आहे. कोणाचा सत्कार कोणी व कसा करावा याची काळजी तीत दिसते. निमंत्रण ही मानाची वाटणी आहे, ही जाणीव छापखान्याच्या आधीची आहे. छापखान्याने तिला सर्वांना वाचता येईल असे कायम रूप दिले, एवढाच फरक.

मुद्रण, टपाल व रेल्वे :

गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर १८३१ मध्ये पंचांग छापले. पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. छापखाने शहरोशहरी पसरले, तसे फुटकळ छपाईचे काम वाढले आणि त्यात लग्नपत्रिकेला स्थान मिळाले. याच काळात निमंत्रणाचा पल्लाही वाढला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५४ मध्ये टपालाचे दर देशभर एकसारखे झाले आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. नोकरीनिमित्त विखुरलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना एकाच मजकुराच्या अनेक प्रतींची गरज भासू लागली. पत्रिकेचे पाकीट चिकटवून बंद न करता उघडे ठेवून त्यावर 'बुकपोस्ट' असे छापण्याची पद्धत टपालाच्या सवलतीच्या दरातून आली. पत्रिकेच्या रूपावर व्यवहाराचा ठसा कसा उमटतो, याचे हे साधे उदाहरण होय.

खिळे जुळवून छापलेल्या या पत्रिकांची मांडणी मजकूरप्रधान होती. वर 'श्री' अथवा 'श्री गणेशाय नमः', त्याखाली कुलस्वामिनीचे नाव, मग 'स.न.वि.वि.' हा पत्रलेखनातून आलेला मायना, त्यापुढे वधूवरांचा उल्लेख, मिती, शके, वार, मुहूर्त व कार्यस्थळ, आणि शेवटी 'आपले विनीत' असा क्रम असे. सजावट म्हणजे कडेची चौकट आणि गणपतीचा एखादा ठसा. लाल किंवा गुलाबी शाई मंगलसूचक मानली जाई. जुन्या पत्राचा मायना आणि नव्या यंत्राची चौकट यांची ही सांगड होती.

मुहूर्ताच्या उल्लेखातही काळाची खूण आढळते. लग्नमंडपात घटिकापात्र ठेवून वेळ मोजण्याची जुनी पद्धत मागे पडून घड्याळ आले. १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू झाली, परंतु मुंबईत स्थानिक 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत प्रचारात राहिला. दोहोंत सुमारे ३९ मिनिटांचे अंतर होते. अशा स्थितीत मुहूर्त 'स्टँडर्ड टाइम'प्रमाणे धरला आहे किंवा कसे, हे सांगणे गरजेचे होते. १९५७ मध्ये शासनाने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तरी पत्रिकेवरील शक मात्र परंपरागत पंचांगाचाच राहिला. राज्यसंस्थेचा काळ आणि कुटुंबाचा काळ यांतील हे अंतर पत्रिकेने अद्याप जपले आहे.

मजकुरातील सामाजिक संघर्ष :

पत्रिकेचा मायना सर्वांना मान्य होता, असे मानणे योग्य ठरणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी भटभिक्षुकाविना पहिला सत्यशोधक विवाह पार पडला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त विवाहविधीही दिलेला आहे. विधी बदलला की त्याचे निमंत्रणही बदलणे क्रमप्राप्त होते. 'सत्यशोधक पद्धतीने' हा शब्दप्रयोग म्हणूनच केवळ माहितीपर नाही. पुरोहिताचा मध्यस्थ म्हणून असलेला अधिकार नाकारल्याची ती जाहीर नोंद आहे.

असाच दुसरा मोठा बदल १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेल्या धम्मदीक्षेनंतर घडला. बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकेच्या शिरोभागी भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमा आल्या, 'नमो बुद्धाय' व 'जयभीम' हे शब्द आले आणि 'मंगल परिणय' ही संज्ञा रूढ झाली. ज्या कोपऱ्यात कुलदैवताचे नाव असे, तेथे विचाराचे व मुक्तीचे चिन्ह आले. पत्रिकेची वरची ओळ ही त्या कुटुंबाची भूमिका असते, हे यावरून लक्षात येते.

कायद्यानेही पत्रिकेवर अप्रत्यक्ष परिणाम केला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे किमान वय १४ व मुलाचे १८ ठरवले. १९४९ मध्ये मुलीचे वय १५ आणि १९७८ च्या दुरुस्तीने ही वये अनुक्रमे १८ व २१ झाली. वय वाढले तसा शिक्षणास अवकाश मिळाला आणि वराप्रमाणेच वधूच्या नावापुढेही पदवी येऊ लागली. विवाहनोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका पूरक कागद म्हणून मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये विवाहनोंदणी सक्तीची करण्याबाबत राज्यांना निर्देश दिल्यावर या कागदाचे व्यावहारिक महत्त्व वाढले.

स्त्रीचे नाव :

पत्रिकेच्या इतिहासातील सर्वांत बोलका भाग स्त्रियांच्या उल्लेखाचा आहे. जुन्या धाटणीच्या मजकुरात अमुक यांच्या चिरंजीवांचा 'शरीरसंबंध' तमुक यांच्या कन्येशी करण्याचे योजिले आहे, अशी वाक्यरचना असे. ती दोन पुरुषांमधील व्यवहाराची भाषा आहे. पुढे 'शरीरसंबंध' जाऊन 'शुभविवाह' आला, 'सौ. व श्री.' अशी जोडी निमंत्रक म्हणून आली आणि वधूवरांच्या मातेचे नाव छापले जाऊ लागले. तरीही उपाधींतील विषमता उरलीच. वर 'चि.' म्हणजे चिरंजीव, तर वधू 'चि. सौ. कां.' म्हणजे सौभाग्याची आकांक्षा करणारी. त्याला दीर्घायुष्याचा आशीर्वाद स्वतःसाठी मिळतो. तिच्या उपाधीतील सौभाग्य मात्र पतीच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

विधवा मातेच्या बाबतीत ही विषमता अधिक तीव्र होते. दिवंगत पित्याचे नाव 'कै.' लावून छापले जाते. मुलाला वा मुलीला एकटीने वाढवणारी माता मात्र 'गं. भा.' या उपाधीसह खालच्या ओळीत जाते, किंवा तिच्याऐवजी चुलते अथवा मामा निमंत्रक होतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. २०२३ मध्ये 'गंगा भागीरथी' हा शब्द शासकीय पातळीवर वापरण्याचा विचार पुढे येताच त्यावर तीव्र टीका झाली. मार्च २०२४ मध्ये शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. तो १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांना लागू आहे. शासकीय कागदावर जे कायद्याने येते, ते घरच्या कागदावर कुटुंबाच्या इच्छेने यावे लागते. म्हणून विधवा मातेचे नाव निमंत्रक म्हणून पहिल्या ओळीत छापणारी पत्रिका हा सुधारणेचा अधिक खरा पुरावा मानावा लागेल.

तयार पत्रिका आणि सध्याचे प्रवाह :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑफसेट व स्क्रीन छपाई आली आणि पत्रिकेची घडणच उलटी झाली. शिवकाशी व दिल्लीच्या चावडी बाजारासारख्या केंद्रांतून चित्रे छापलेली तयार कार्डे येऊ लागली आणि स्थानिक मुद्रक मोकळ्या जागेत मजकूर छापू लागला. पूर्वी मजकूर आधी जुळवला जाई व सजावट उरलेल्या जागेत बसे. आता चित्राने सोडलेल्या जागेत मजकूर बसवावा लागला. संगणकीय अक्षरजुळणीने अक्षरांचे वैविध्य वाढले. ग्रामीण भागात याच तंत्राने वेगळे वळण घेतले. कार्यवाह, स्वागतोत्सुक, प्रमुख उपस्थिती अशा शीर्षकांखाली भावकीतील नावांबरोबर सरपंच, साखर कारखान्याचे संचालक व आमदार यांची छायाचित्रांसह रांग लागली. एखादे नाव राहून गेले तर भावकीत अबोला धरला जातो. गावातील सत्तासंबंधांचा आलेख म्हणून अशा पत्रिकांचे मूल्य मोठे आहे.

सध्याच्या शहरी पत्रिकेत तीन प्रवाह ठळकपणे दिसतात. पहिला, मराठीपणाची चिन्हे मिरवण्याचा : पैठणीचा काठ, नथ, मुंडावळ्या, वारली आकृत्या व मोडी वळणाची अक्षरे. दुसरा, वस्तुरूपाचा : लेझरने कातरलेली कार्डे, पेट्या, बिया पेरलेला कागद. तिसरा, अंकीय स्वरूपाचा : व्हॉट्सॲपवरून जाणारे चित्र वा चित्रफीत आणि कार्यस्थळाचा नकाशा उघडणारा क्यूआर कोड. २०२० व २०२१ मधील करोनाकाळात उपस्थितीवर मर्यादा आल्या. मे २०२० मध्ये ती ५० व्यक्तींची, तर एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात २५ व्यक्तींची होती. या काळात अंकीय निमंत्रणास सर्वमान्यता मिळाली.

पहिल्या प्रवाहाचा अधिक विचार करणे अगत्याचे आहे. वारली समाजात लग्नचौक ही विवाहविधीतील अपरिहार्य बाब आहे. तो सुवासिनी रेखाटतात आणि विवाह लावण्याचा मान धवलेरी या स्त्रीकडे असतो. शहरी पत्रिकेवर त्या चौकातील नाचणाऱ्या आकृत्या येतात, परंतु विवाहातील स्त्रीचे पौरोहित्य येत नाही. मोडीचेही तसेच. जी लिपी व्यवहारातून गेली ती नक्षी म्हणून परत आली, आणि पुष्कळदा तिच्याखालील मजकूर इंग्रजीत असतो. मराठी ही मजकुराची भाषा न राहता काठाची नक्षी होत असेल, तर ती परंपरेची जोपासना की तिची सजावट, हा प्रश्न उपस्थित होतो. अर्थात या प्रवाहाने मराठी सुलेखनास व अक्षररचनाकारांस नवे काम दिले, हेही नमूद केले पाहिजे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, लग्नपत्रिकेची मांडणी ही केवळ आवडीनिवडीची बाब नसून मुद्रणतंत्र, टपाल, कायदा व सामाजिक चळवळी यांनी ती घडवली आहे. दोन, वरची ओळ, निमंत्रकाचे नाव व उपाधी या तीन जागी समाजपरिवर्तनाची नोंद सर्वाधिक स्पष्ट उमटते. तीन, मजकुराकडून चित्राकडे होणाऱ्या वाटचालीत नात्यांचा तपशील आटत चालला आहे. आजोबा, चुलते, आत्या व मामा यांची नावे जाऊन दोन पाळण्यातली नावे व एक तारीख एवढेच उरते. नवदांपत्य स्वतःच्या नावाने निमंत्रण देते, ही व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने इष्ट गोष्ट आहे; पण भावी अभ्यासकास त्यातून कुटुंब उलगडणार नाही.

अंकीय पत्रिकेचा धोका याहून मोठा आहे. भ्रमणध्वनी बदलला की ती नाहीशी होते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने घरोघरची दप्तरे गोळा केली, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचली. सामान्य कुटुंबांची दप्तरे मात्र कोणी गोळा केली नाहीत. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने आपापल्या परिसरातील जुन्या व नव्या पत्रिका, कुटुंबांच्या संमतीने व खाजगी तपशिलांची काळजी घेऊन, संकलित केल्यास स्थानिक इतिहासाचे एक स्वस्त व विश्वसनीय साधन हाती येईल. ज्या स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावर वा वंशावळीत आले नाही, त्यांपैकी अनेकींचे नाव छापील अक्षरांत प्रथम आणि कदाचित एकदाच आले ते लग्नपत्रिकेवर. तो कागद रद्दीत जाऊ न देणे, हे इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.