डहाणूचा दावा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तेव्हा धुराड्यातून निघणारा धूर देशाला भूषण वाटत होता. अशाच धुराविरुद्ध पुढे लोक एकत्र होऊन न्यायालयात जातील, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. पण ते घडले. भिलाईस नव्हे, आपल्या डहाणूस.

अनेकांच्या वतीने थोड्यांनी दावा लावण्याची सोय आपल्या दिवाणी कायद्यात १९०८ पासून आहे. १९८० नंतर लोकहितार्थ याचिकांनी ती वाट पुष्कळ रुंद केली. प्रश्न असा, की निकालाने हवा स्वच्छ होते काय?

डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे आणि मच्छीमारांच्या होड्या. तेथे पाचशे मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र येणार म्हणताच रहिवाशांनी कोर्टाची पायरी चढली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्र थांबविले नाही. धुरातील गंधक शोषून घेणारी यंत्रणा बसविण्याची अट मात्र सहजासहजी सैल होऊ नये, असे बजावले. त्याच वर्षी सरकारने सारा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला. कागद तर चांगलेच जमले! पण केंद्र उभे राहिले, आणि यंत्रणा नाही.

पुढे बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर १९९६ साली निकाल झाला, आणि या वेळी न्यायालय निकाल वाचून उठून गेले नाही. तालुक्यावर देखरेख करण्यासाठी त्याने प्राधिकरण नेमविले. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणचे बंदर नाकारले, १९९९ साली वीजकेंद्राला यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. ती बसली २००७ साली. आदेशापासून आठ वर्षे, पहिल्या निकालापासून सोळा! माझ्या मते डहाणूच्या हवेत जो फरक पडला, त्याचे श्रेय निकालापेक्षा या चिकाटीच्या पहाऱ्याला अधिक आहे.

धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. अखेरपर्यंत ते अध्यक्षपदी होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ च्या जुलैत वाढवणच्या बंदराला संमती दिली. पुढच्या वर्षी कोनशिलाही बसली. आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार पुन्हा एकदा वकिलाकडे गेले.